चूक सातव्या ओळीत, बोट आठव्या ओळीवर



गुणपत्रिकेचा एक छोटा प्रोग्रॅम 'सी' भाषेत स्वतः लिहून बघा, असं मागे या सदरात सुचवलं होतं. पत्रं बरीच आली. काहींनी वहीची पानं जोडली आहेत, एकाने तर लाल शाईत चौकट काढून 'बाई, चालला!' एवढंच लिहिलंय. शाब्बास! पण एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. आजचं सदर त्या पत्रासाठी.

पत्र नववीतल्या एका मैत्रिणीचं आहे. नाव छापू नका, असं तिने दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. ती म्हणते, "बाई, मी चौदा ओळी लिहिल्या आणि कम्प्युटरने अकरा चुका काढल्या. शेजारचा मुलगा हसला. घरी सांगितलं, तर दादा म्हणाला, हे तुझं काम नव्हे. आता मी संगणकाचा तास सोडून चित्रकलेला बसू का?"

चित्रकलेला अवश्य बस गं, पण संगणक सोडून नको. कारण तुझ्या प्रोग्रॅममध्ये अकरा चुका नाहीतच मुळी. कंपायलरला अडवणाऱ्या चुका फक्त तीन आहेत. शिवाय एक चौथी आहे, ती कंपायलरला दिसलेलीच नाही. आणि मला काळजी वाटते ती त्या चौथीचीच!

तिने पाठवलेला प्रोग्रॅम आधी सगळ्यांनी बघून घ्या. आपल्या सदराची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. इथे आपण सगळं देवनागरीत छापतो, यंत्रावर टाइप करताना मात्र शब्द आणि आकडे इंग्रजी लिपीतच हवेत. डावीकडचे क्रमांक आपल्या सोयीसाठी आहेत, ते टाइप करायचे नाहीत.

१. #इन्क्लूड <एसटीडीआयओ.एच>
२. इंट मेन()
३. {
४. इंट मराठी, गणित, विज्ञान, एकूण;
५. फ्लोट सरासरी;
६. मराठी = ६७;
७. गणित = ७२
८. विज्ञान = ७०;
९. एकूण = मराठी + गणित + विज्ञान;
१०. सरासरी = एकूण / ३;
११. प्रिंटएफ("एकूण %डी", एकूण);
१२. प्रिंटएफ("सरासरी %एफ, सरासरी);
१३. रिटर्न ०;
१४. }

आता लगेच पुढे वाचू नका. पानावर हात ठेवा आणि चुका शोधा. दोन तरी सापडतील. तिसरी इथे छापताना हरवली आहे, कारण ती आहे मोठ्या आणि लहान लिपीची. चौथ्या ओळीतल्या 'इंट' शब्दाचं पहिलं अक्षर तिने मोठं काढलंय, वाक्याच्या सुरुवातीला इंग्रजीच्या बाई काढायला लावतात तसं! आपल्या देवनागरीत मोठं अक्षर, लहान अक्षर ही भानगडच नाही, त्यामुळे आपल्या मुलांकडून ही चूक फार होते. 'सी' भाषेला मात्र मोठ्या अक्षराचा 'इंट' म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस वाटतो.

आणि या एका अक्षराने काय घोटाळा केला बघा. चौथ्या ओळीचा अर्थ असा की मराठी, गणित, विज्ञान आणि एकूण अशा चार नावांचे चार डबे तयार ठेवा, त्यात पूर्ण अंक ठेवायचे आहेत. पहिलाच शब्द कळला नाही म्हणून कंपायलरने ती ओळ सोडून दिली. म्हणजे डबे तयार झालेच नाहीत. मग सहाव्या ओळीत 'मराठी' दिसल्यावर तो विचारतो, हे कोण? सातव्या ओळीत 'गणित', हे कोण? पुढे 'विज्ञान' कोण, 'एकूण' कोण? प्रत्येक 'कोण' म्हणजे एकेक तक्रार. शिवाय त्याची गाडी एकदा रुळावरून घसरली, की पाचव्या ओळीसारखी सरळ, निर्दोष ओळही त्याला वाकडी दिसू शकते. अशा रीतीने एका अक्षरातून सहा-सात तक्रारी निघाल्या. (नेमका आकडा कोणता कंपायलर वापरता यावर अवलंबून असतो. काही कंपायलर 'इंट'चा अंदाज बांधून पुढे जातात आणि कमी ओरडतात.)

म्हणून माझं ऐकाल, तर चुकांचा आकडा बघायचाच नाही. यादीतली पहिली तक्रार वाचायची, तेवढीच दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. बाकीच्या तक्रारींतल्या कितीतरी तेवढ्यानेच निघून जातात. खालून वर दुरुस्त करणारी किंवा मधलीच एखादी ओळखीची चूक धरून बसणारी मुलं तासभर अडकतात, कारण ती अशा ओळी दुरुस्त करत असतात ज्यांत चूक नव्हतीच. उलट नव्या चुका मात्र घालून ठेवतात!

बरं, हा कंपायलर म्हणजे आहे तरी कोण? नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. यंत्राला कळतात शून्य आणि एक. आपल्याला कळतात शब्द. या दोघांमध्ये बसलेला दुभाषा म्हणजे कंपायलर. तोही एक प्रोग्रॅमच असतो. अमेरिकेच्या नौदलात काम केलेल्या ग्रेस हॉपर या गणिताच्या प्राध्यापिकेने १९५२ मध्ये 'ए-झिरो' नावाचा, या जातीच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमांपैकी एक तयार केला. पुढे लोकांना रोजच्या इंग्रजीसारख्या शब्दांत प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून त्या झटल्या. (यंत्रात अडकलेल्या पतंगाच्या किड्याची गोष्ट त्यांच्याबरोबर नेहमी सांगितली जाते. ती तुम्ही शंभर वेळा वाचली असेल, मी पुन्हा सांगत नाही.) आपली 'सी' भाषा मात्र नंतरची. डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत घडवली.

हा दुभाषा फार प्रामाणिक आहे, पण त्याला अंदाज बांधणं फारसं जमत नाही. तुम्ही चिठ्ठीत 'साकर आण' लिहिलंत, तर दुकानदार साखरच देतो. कंपायलर चिठ्ठी परत पाठवतो.

आता दुसरी चूक. सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नाही. आपल्या मराठीत ज्या चिन्हाला आपण अर्धविराम म्हणतो, ते 'सी' भाषेत वाक्य संपल्याची खूण आहे, म्हणजे काम पूर्णविरामाचं! इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण आमची मैत्रीण लिहिते, "कंपायलर म्हणतो आठव्या ओळीत चूक आहे. आठवी ओळ मी पाच वेळा तपासली, तीन वेळा खोडून परत लिहिली. ती बरोबरच आहे. मग तो खोटं का बोलतो?"

खोटं बोलत नाही. एक गंमत करून बघा. घरातल्या कुणाला तरी हे वाक्य मोठ्याने वाचायला सांगा:

आई बाजारात गेली ताई अभ्यास करते

वाचणारा कुठे अडखळला? 'ताई'वर. 'आई बाजारात गेली' इथपर्यंत सगळं ठीक होतं. 'ताई' आल्यावर त्याच्या लक्षात आलं की मध्ये काहीतरी राहिलंय. म्हणजे चूक 'गेली'च्या पुढे, पण अडखळणं 'ताई'वर. कंपायलरचं अगदी तस्संच होतं. त्यातून त्याला नवी ओळ म्हणजे काय ते कळत नाही. तुम्ही एंटर दाबलंत काय किंवा एक जागा सोडलीत काय, त्याला दोन्ही सारखंच. त्याला दिसतं ते असं: 'गणित = ७२ विज्ञान = ७०;'. बहात्तरच्या पुढे अर्धविराम येईल किंवा अधिक-वजा तरी येईल, म्हणून तो वाट बघत होता. आला 'विज्ञान'! तिथे त्याचं बोट थांबलं. ते बोट आठव्या ओळीवर असतं, म्हणून तो आठ म्हणतो.

तेव्हा कंपायलरने सांगितलेला ओळक्रमांक म्हणजे 'मी इथे अडखळलो' एवढाच निरोप. त्या ओळीत काही सापडलं नाही, की तिच्या वरची ओळ बघायची, शेवटापासून. दहापैकी आठ वेळा तिथेच सापडतं, असा माझा आपला अनुभव. अलीकडचे कंपायलर या बाबतीत बरेच शहाणे झाले आहेत. 'जीसीसी' हा फुकट मिणारा, खूप वापरला जाणारा कंपायलर आहे. त्याच्या नव्या आवृत्त्या सातव्या ओळीच्या शेवटी छोटी खूण करून 'इथे अर्धविराम हवा होता का?' अशा थाटात दाखवतात. पण शाळांच्या प्रयोगशाळेत कधीकधी जुना 'टर्बो सी' भेटतो, तो असे लाड करत नाही. त्याच्याशी गाठ पडली, की वरच्या ओळीची युक्ती लक्षात ठेवा.

महिरपी कंसाचं दुखणं याच जातीचं, पण जास्त लांब पल्ल्याचं. प्रोग्रॅम मोठा झाला, की उघडलेला महिरपी कंस बंद करायचा राहून जातो. मग कंपायलर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जातो, फाइल संपते, तरी कंस मिटत नाही. म्हणून तो तक्रार करतो अगदी तळाशी, 'एंड ऑफ इनपुट' म्हणजे 'मजकूर संपला की हो!' अशी. कधी चूक बाराव्या ओळीत असते आणि बोट नव्वदाव्यावर. याला वरची ओळ बघण्याचा उपाय पुरत नाही. यावर आजी डब्याला लावते तो नियम: झाकण आधी शोधायचं, मग डबा भरायचा. कंस उघडला, की लगेच बंद करणाराही टाइप करा, मग दोघांच्या मध्ये लिहा. आतल्या ओळी थोड्या उजवीकडे सरकवून लिहिल्या, तर कुठला कंस कुणाचा ते नजरेलाच कळतं.

तिसरी चूक बाराव्या ओळीत. 'सरासरी %एफ' च्या पुढे दुहेरी अवतरणचिन्ह मिटवलेलं नाही. त्यामुळे स्वल्पविराम, डब्याचं नाव, कंस, अर्धविराम सगळंच तिने बोललेलं वाक्य समजून कंपायलरने गिळलं. मग 'अवतरणचिन्ह मिटलं नाही' ही एक तक्रार आणि 'कंस कुठे गेला?' ही दुसरी. इथे ओळक्रमांक सहसा बरोबर असतो, म्हणून ही चूक लवकर सापडते.

पण अवतरणचिन्हाचं एक वेगळंच प्रकरण तीन पत्रांत आलंय. मुलं म्हणतात, "चिन्ह उघडलंय, मिटलंय, तरी कंपायलर 'स्ट्रे ३४२' असं काहीतरी बडबडतो." या तिघांनीही प्रोग्रॅम मोबाइलवर आलेल्या पानावरून किंवा वर्डच्या फाइलमधून उचलून चिकटवला असणार! वर्डसारखे प्रोग्रॅम सरळ अवतरणचिन्ह काढून त्या जागी सुंदर, वळणदार चिन्ह घालतात, उघडताना एक आणि मिटताना दुसरं. छपाईला ते छान दिसतं. 'सी'ला ते चालत नाही, तिला साधं, उभं चिन्हच हवं. वळणदार चिन्ह फाइलमध्ये तीन तुकड्यांत साठवलेलं असतं, आणि ३४२ हा त्यातल्या पहिल्या तुकड्याचा, आठच्या पटीत मोजलेला आकडा. आपल्या दशमान पद्धतीत तो २२६ होतो. आठवीच्या पुढच्यांनी करून बघा: ३ गुणिले ६४, अधिक ४ गुणिले ८, अधिक २. उपाय सोपा आहे, ती चिन्हं पुसून आपल्या हाताने टाइप करा. मराठी कळफलक चालू राहिला असेल, तर आकड्यांचंही असंच होतं. आपल्याला ७२ म्हणजे बहात्तर, पण देवनागरीतला बहात्तर कंपायलरला संख्या वाटत नाही.

आणखी एक तक्रार बऱ्याच जणांच्या पत्रात आहे, 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. ही पुष्कळदा 'प्रिंटएफ'चं स्पेलिंग चुकल्याने येते. गंमत अशी की ही तक्रार कंपायलरची नसतेच. कंपायलरचं काम झालं, की दुसरा एक प्रोग्रॅम येतो, त्याला लिंकर म्हणतात. तो पोस्टमनसारखा प्रत्येक नावाचं घर शोधतो. पत्र बिनचूक लिहिलेलं असलं, तरी 'प्रिन्फ' नावाचं घर गावात नसेल, तर तो काय करणार? परत आणतो. म्हणून या तक्रारीत ओळक्रमांकापेक्षा नाव नीट वाचायचं, अक्षर न् अक्षर. पूर्वी 'सी' कंपायलर अनोळखी नाव दिसलं तरी 'असेल कुठेतरी' म्हणून पुढे जायचे. २०२४ मध्ये आलेल्या 'जीसीसी'च्या चौदाव्या आवृत्तीपासून त्यानेच दारात अडवायला सुरुवात केली आहे. मला हा बदल आवडला. जितक्या लवकर टोकलं, तितकं बरं.

इथे जरा पालकांशी बोलते. मुलांनो, हा परिच्छेद आईबाबांना वाचून दाखवा. आम्ही डीएड करताना एक गोष्ट घोटून घेतली जायची. मुलाने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं, तर ३५ वर फुली मारून थांबायचं नाही. मुलाने सातातून दोन वजा केले, दशक सुटा केलाच नाही, हे शोधायचं. फुली पडते उत्तरावर, चूक असते त्याच्या आधी. कंपायलरची यादी म्हणजे नुसत्या फुल्या. ती वाचून आधी काय घडलं ते शोधणं, हीच तर प्रोग्रॅम लिहिण्यातली अर्धी विद्या आहे. आणि ही यादी रोज मोठमोठ्या प्रोग्रॅमरांच्याही पडद्यावर येते, त्यांना कुणी 'हे तुझं काम नव्हे' म्हणत नाही. तेव्हा लेकीच्या पडद्यावर ती दिसली, तर 'पहिली ओळ काय म्हणते, वाच बरं' एवढंच म्हणा. तुम्हाला 'सी' यायची गरज नाही. मोठ्याने वाचता वाचता तिचं तिलाच सापडतं.

हं, आता त्या चौथ्या चुकीकडे वळू या. 'इंट' लहान केला, अर्धविराम दिला, अवतरणचिन्ह मिटवलं. कंपायलर गप्प! प्रोग्रॅम चालला. एकूण २०९ आले. आणि सरासरी? पडद्यावर ६९ आणि पुढे नुसती शून्यं. आता कागदावर करून बघा. २०९ भागिले ३ म्हणजे ६९.६६ आणि पुढे सहाच सहा. ते सहा कुठे गेले?

दहावी ओळ बघा. 'एकूण' हा पूर्ण अंकांचा डबा, ३ हाही पूर्ण अंक. दोन पूर्ण अंकांचा भागाकार केला, की 'सी' उत्तरही पूर्ण अंकच देते, उरलेलं टाकून देते. हा तिचा नियमच आहे. त्या ६९ ला मग 'सरासरी' या अपूर्णांकाच्या डब्यात ठेवलं, तर मागे शून्यं लागतात, गेलेले सहा परत येत नाहीत. दहाव्या ओळीत ३ च्या जागी ३.० लिहा, उत्तर बरोबर येईल. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की इथे कंपायलर एका शब्दानेही बोलला नाही, कारण त्याच्या व्याकरणाप्रमाणे वाक्य शुद्ध होतं!

तुम्ही 'ध'चा 'मा' ही म्हण ऐकली आहे ना? १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकुमात 'नारायणरावास धरावे' असं होतं, आनंदीबाईंनी त्यात 'ध'चा 'मा' केला आणि ते 'मारावे' झालं, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. आख्यायिका म्हणूनच ती घ्या, पण एक विचार करून बघा. 'ध'च्या जागी 'ण' पडून 'णरावे' झालं असतं, तर? हुकूम वाचणारा थांबला असता. "हे काय लिहिलंय?" म्हणून परत आला असता. 'मारावे' हा शुद्ध मराठी शब्द आहे, म्हणून कुणी थांबलं नाही. कंपायलर 'णरावे'वर ओरडतो. 'मारावे'वर तो बिचारा काहीच बोलू शकत नाही.

असा 'ध'चा 'मा' संगणकाच्या जगात मुद्दाम करून पाहिला गेला आहे. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी मिळून वाढवली. अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सच आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या मजकुराच्या एका नकलेत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसडल्या. वरवर पाहता तिथे नुसती चौकशी होती, 'हा वापरणारा शून्य क्रमांकाचा आहे का?' लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे सर्वाधिकारी, त्याला सगळी कुलुपं उघडी. 'सी' भाषेत 'आहे का?' असं विचारायला बरोबरचं चिन्ह दोनदा द्यावं लागतं. एकदाच दिलं, तर अर्थ होतो 'करून टाक'. घुसडलेल्या ओळीत ते एकदाच होतं. म्हणजे चौकशीच्या वेषात हुकूम, 'याला सर्वाधिकारी करून टाक'! आणि ते एका जादा कंसात असं ठेवलं होतं, की कंपायलरला शंकासुद्धा येऊ नये.

पकडलं कसं? कंपायलरने नाही, माणसांनी. मूळ मजकुरात प्रत्येक बदलाची नोंद ठेवलेली होती. नकलेत दोन ओळी जास्त आणि मूळ वहीत त्यांची नोंदच नाही, हे लक्षात आल्यावर त्या ओळी बारकाईने वाचल्या गेल्या आणि बिंग फुटलं. मूळ लिनक्समध्ये त्या गेल्याच नाहीत.

आपल्यासारख्यांकडून हेच एक चिन्ह नकळत सुटतं. पण ते साधेपणाने सुटलं असेल, तर कंपायलर बऱ्याचदा हळूच सांगतो, त्याला वॉर्निंग म्हणतात. वॉर्निंग आली तरी प्रोग्रॅम चालतो, म्हणून निम्मी मुलं ती वाचतच नाहीत. मैत्रिणी, तू मात्र वाचत जा. 'जीसीसी' वापरत असशील, तर कंपाइल करताना आडव्या रेघेपुढे 'डब्ल्यूऑल' असं जोडायचं, डब्ल्यू मोठा आणि बाकीचं लहान. मग तो नेहमीपेक्षा बराच जास्त बोलतो. तुझ्या सरासरीचे हरवलेले सहा मात्र तेवढ्यानेही सापडणार नाहीत. ते सापडतात कागदावर. एक बेरीज, एक भागाकार हाताने करायचा आणि पडद्यावरच्या उत्तराशी ताडून बघायचा. त्यासाठी सोपे आकडे घेऊ नका बरं का! तिने ६६, ७२ आणि ६९ घेतले असते, तर सरासरी नेमकी ६९ आली असती आणि चूक वर्षभर तशीच झोपून राहिली असती. खऱ्या गुणपत्रिकेत तिने कुणाची तरी टक्केवारी कापली असती.

तेव्हा दादाला सांग, अकरा तक्रारी आल्या ते बरं झालं. बाराव्या गोष्टीबद्दल कुणी तक्रार केली नव्हती, तिची भीती बाळगायला हवी होती. आणि चित्रकलेच्या तासाला काढलेलं एखादं चित्रही पाठव पुढच्या पत्रासोबत.

आता या आठवड्याचं कोडं. सहावीतल्या एका वाचकाने दोनाचा पाढा छापायला हे लिहिलं:

फॉर (क = १; क <= १०; क++);
प्रिंटएफ("%डी ", २ * क);

'क' हा पूर्ण अंकांचा डबा त्याने वर तयार करून ठेवला होता, तिथे काही चूक नाही. प्रोग्रॅम कंपाइल झाला, चाललाही. पण पडद्यावर दोनपासून वीसपर्यंत काहीच आलं नाही, एकटा २२ येऊन उभा राहिला. आजच्या सदरात राहून गेलेल्या अर्धविरामाबद्दल बोललो, एवढी खूण देते. बाकी तुम्ही शोधा. २२ च का आला, २० का नाही, तेही लिहायचं आहे. उत्तरं पोस्टकार्डावर पाठवली तरी चालतील, फक्त आपली इयत्ता लिहायला विसरू नका.